तीन काचनळ्यांची ओळख

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध मावशी पत्र्याची एक लहानशी पेटी घेऊन धर्मगुरुनिवासात आल्या. त्यांच्या दिवंगत पतीने एका प्रयोगशाळेत यंत्रदुरुस्तीचे काम तीस वर्षे केले होते. निवृत्तीच्या वेळी मोडीत निघालेल्या सामानातून त्यांनी ही पेटी रीतसर पैसे भरून घेतली आणि मरेपर्यंत कपाटात जपली. मावशी म्हणाल्या, "फादर, भंगारवाला पेटीचे वीस रुपये देतो म्हणतो. पण ह्यांनी कधी कोणाला हात लावू दिला नाही. तुम्ही शाळेत विज्ञान शिकवलंय. आत काय आहे तेवढं सांगा, मग टाकायचं की ठेवायचं ते मी ठरवीन."

आत जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेल्या तीन काचेच्या नळ्या होत्या आणि डांबरासारख्या काळ्या राळेत गोठवलेले दोन ठोकळे, प्रत्येकाला वायरींची शेपटी. नळ्यांवरच्या चिठ्ठ्या केव्हाच गळून पडल्या होत्या. डिंकाचे पिवळे डाग तेवढे उरले होते. मावशींबरोबर त्यांचा अभियांत्रिकी शिकणारा नातू आला होता. त्याने पाहताक्षणी ओळखले, "लेसर आहे, फादर! घरी जुना टीव्ही पडलाय, त्याच्या हाय व्होल्टेजला जोडून बघतो." मी त्याला थांबवले. कोणत्या नळीला काय हवे हे ठाऊक नसताना वीज जोडणे म्हणजे रोग न ओळखता औषध पाजणे होय. आणि आजोबांनी जपलेली वस्तू आपल्या हातून एका क्षणात मेली, तर आजीला काय सांगणार?

ह्या नळ्यांचे कुळ शोधायचे तर अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मरे हिल येथील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत जावे लागते. तेथे अली जवान नावाचा एक तरुण शास्त्रज्ञ काम करीत होता. तो जन्माने तेहरानचा. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात चार्ल्स टाउन्स ह्यांच्या हाताखाली त्याने १९५४ साली डॉक्टरेट मिळवली होती. हे टाउन्स म्हणजे लेसरविद्येचे एक जनक. १९५१ सालच्या वसंतात वॉशिंग्टनच्या एका बागेतील बाकावर बसले असताना त्यांना मूळ कल्पना सुचली. पुढे ते आपल्या ह्या अनुभवाची तुलना धार्मिक साक्षात्काराशी करीत, आणि त्यामुळे काही सहकाऱ्यांच्या भुवया उंचावत. १९६४ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला आणि २००५ साली टेम्पलटन पारितोषिक. असो.

पहिला लेसर मात्र ना टाउन्सचा, ना जवानचा. कॅलिफोर्नियात थिओडोर मैमन ह्यांनी १६ मे १९६० रोजी माणकाच्या कांडीतून लाल प्रकाशाचा झोत काढला, पण तो झोत विजेसारखा लखलखे आणि विझे. अखंड तेवत राहणारा किरण हवा होता. जवानने १९५९ सालीच मांडले होते की तो वायूतून मिळेल. विल्यम बेनेट आणि डोनल्ड हेरियट ह्या दोन सहकाऱ्यांच्या साथीने त्याने सुमारे ८० सेंटिमीटर लांबीची नळी बांधली, तीत हेलियम आणि निऑन हे दोन वायू भरले, टोकांना सपाट आरसे बसवले. आरसे एकमेकांना तंतोतंत समांतर हवेत. केसभर कलले तरी सारे व्यर्थ. १२ डिसेंबर १९६० रोजी दुपारी हेरियट आरशांचे स्क्रू फिरवत असता उपकरणाच्या पडद्यावर अचानक संकेत उमटला. किरण डोळ्यांना दिसणारा नव्हता. त्याची तरंगलांबी १.१५ मायक्रॉन, म्हणजे तांबड्याच्या पलीकडची. दुसऱ्याच दिवशी ह्या अदृश्य किरणावरून टेलिफोनचे संभाषण वाहून नेण्यात आले. ज्या लाल किरणामुळे ही नळी जगभर गेली, तो ६३२.८ नॅनोमीटरचा किरण १९६२ साली त्याच प्रयोगशाळेत ॲलन व्हाइट आणि डेन रिग्डेन ह्यांनी मिळवला.

ह्यामागची युक्ती सांगण्यासारखी आहे. नळीतून वीज गेली की इलेक्ट्रॉन हेलियमच्या अणूंवर आदळतात. हेलियमचा अणू ती ऊर्जा लगेच प्रकाशरूपाने सोडून देत नाही; ओंजळीत पाणी धरावे तशी ती काही काळ धरून ठेवतो. निऑनच्या अणूतील एक पातळी योगायोगाने जवळजवळ तेवढ्याच ऊर्जेची आहे. दोन अणूंची टक्कर झाली की ओंजळ रिकामी होते आणि निऑन भरतो. लाल किरण निऑन देतो, हेलियम केवळ वाढपी. तरीही हेलियमच जास्त लागतो: निऑनच्या एका भागाला पाच ते दहा भाग. आणि एवढे करूनही एका फेरीत प्रकाश शेकडा एखाददुसऱ्या अंशानेच वाढतो. म्हणून दोन्ही टोकांचे आरसे साध्या आरशांपेक्षा कितीतरी अधिक परावर्तन करणारे लागतात. पुढच्या आरशातून शंभरातला सुमारे एक भाग बाहेर पडतो, तोच आपला किरण.

आता आमच्या नळ्यांकडे वळू. चिठ्ठी नसली तरी काच बोलते. सर्वांत जुन्या नळ्यांचे आरसे नळीबाहेर स्वतंत्र बसवलेले असत आणि नळीची टोके तिरक्या काचेच्या झरोक्यांनी बंद केलेली असत. तसली आमच्याकडे एकही नव्हती. नंतर आरसे नळीलाच राळेने चिकटवू लागले. अखेरीस काचेची पूड वितळवून आरसा व धातू ह्यांचा सांधा करण्याची रीत आली; ह्या नळ्या फुटल्या नाहीत तर दशकानुदशके टिकतात. आमच्या एका नळीच्या आरशाभोवती पिवळसर राळेची कड स्पष्ट दिसत होती, म्हणजे ती तिघींत सर्वांत वडील. इतर दोघी काचसांध्याच्या.

त्यांतील धाकटी जेमतेम १५ सेंटिमीटर लांबीची. अशा आखूड नळ्यांच्या एका मोठ्या पिढीचा जन्म वाणसामानाच्या दुकानासाठी झाला. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातील ट्रॉय गावी एका दुकानात रिग्ली कंपनीच्या च्युइंगमची पाकिटे काचेवरून सरकवली गेली आणि वेष्टनावरच्या काळ्या-पांढऱ्या रेघा यंत्राने वाचल्या. त्या यंत्रातील प्रकाश हेलियम-निऑनच्या लाल किरणाचा होता. पुढे सुरुवातीचे लेसर छपाईयंत्र, चित्रतबकड्या वाजवणारी यंत्रे आणि विमानाची दिशा राखणारी उपकरणे ह्यांतही ही नळी शिरली. १९७२ साली अमेरिकेत बोल्डर येथे प्रकाशाचा वेग पूर्वी कधी नव्हता इतक्या बारकाईने मोजला गेला, तोही अशाच एका सुस्थिर केलेल्या लेसरच्या साहाय्याने, आणि त्या मोजणीच्या बळावर १९८३ साली मीटरची व्याख्याच प्रकाशाच्या वेगावर बांधण्यात आली. मग तांदळाच्या दाण्याहून लहान असे अर्धवाहकाचे लेसर स्वस्त झाले आणि यंत्रांच्या पोटातील नळ्या हजारोंनी मोडीत निघाल्या. जुन्या बाजारात त्या दिसतात, त्या ह्यामुळे.

लांबी, सांधा हे झाले शरीर. आत प्राण आहे की नाही, हे कसे ओळखावे? काचेच्या आतल्या अंगाला बहुधा एक रुपेरी डाग असतो. नळी बंद करताना आत बेरियम धातू तापवून त्याचा पातळ थर काचेवर बसवतात. आत चुकून राहिलेली वा झिरपलेली हवा तो गिळून टाकतो. डाग आरशासारखा चकाकत असेल तर नळीची तटबंदी शाबूत. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा आत शिरली आणि बेरियम आपले काम करता करता संपला. आमच्या मधल्या, २५ सेंटिमीटरच्या नळीचा डाग पांढरा फटफटीत होता. नातवाचा विश्वास बसेना, कारण काचेला कुठे तडा दिसत नव्हता. वडील नळीचा डाग मात्र लख्ख होता.

आता वीज. ह्या नळीची भूक विचित्र आहे. पेटायला तिला साधारण ७ ते १० हजार व्होल्टचा एक धक्का लागतो; पेटल्यावर हजार ते दोन हजार व्होल्ट पुरतात, आणि प्रवाह केवळ ४ ते ६ मिलिअँपिअर. नळी जितकी लांब तितका दाब अधिक. शिवाय पेटलेल्या वायूतून प्रवाह वाढू लागला की त्याला आवर राहत नाही. म्हणून धन टोकाला अगदी लगटून सुमारे ७५ हजार ओहमचा रोधक बसवावा लागतो. तो लगाम. टीव्हीतला भारी दाब लगामाशिवाय जोडला असता तर नातवाने नळी जाळली असती, कदाचित स्वतःचा हातही. दिशाही महत्त्वाची. नळीत ॲल्युमिनिअमचे एक मोठे पोकळ नळकांडे दिसते, ते ऋणाग्र. दुसऱ्या टोकाची लहान धातूची टोपी, ते धनाग्र. वीज उलटी जोडली तर लहान टोपीवर भडिमार होतो, तिचा धातू उडून जवळच्या आरशावर बसतो आणि नळी कायमची आंधळी होते.

दोन्ही ठोकळे म्हणजे नळ्यांना वीज पुरवणारी साधने. त्यांवरच्या चिठ्ठ्या अर्ध्या उरल्या होत्या. दोन्हींवर '११५' हा आकडा वाचता येत होता. हे ठोकळे अमेरिकन विजेसाठी घडवलेले. आपल्या भिंतीतील २३० व्होल्टला लावले असते तर राळेतून धूर निघाला असता. लॅमिंग्टन रोडवरून २३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर आणला. शाळेतील एका निवृत्त सहकाऱ्यांनी ऋण बाजूच्या परतीच्या वायरीत एक हजार ओहमचा रोधक घालून त्यावर मीटर लावला, तोही वीज सुरू करण्यापूर्वी. ह्या मांडणीत मीटरवर जितके व्होल्ट दिसतील तितके मिलिअँपिअर नळीतून जातात. नातवाला ताकीद दिली: एक हात खिशात, वीज बंद केल्यावरही ठोकळ्यात साठा राहतो म्हणून टोकांना लगेच शिवायचे नाही, आणि किरण कितीही फिका दिसला तरी त्यात डोळा घालायचा नाही. मी अंगठी काढून ठेवली.

धाकटी पहिल्याच झटक्याला पेटली. मीटरवर ४. समोरच्या भिंतीवर, गुरुस्वामींच्या तसबिरीच्या खाली, मसुराएवढा तांबडा ठिपका उमटला आणि त्यात बारीक वाळूसारखी ती चमचम, जी साध्या दिव्यात कधी दिसत नाही. मावशी काही बोलल्या नाहीत. एवढ्याशा ठिपक्यासाठी नळी किती वीज खाते, ते नातवाने मांडून पाहिले: ११०० व्होल्ट गुणिले ४ मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॅटच्या आसपास, आणि किरण असेल फार तर एक हजारांश वॅटचा.

मधली नळी पेटली, पण जांभळट. निरोगी नळीचा उजेड नारिंगी-गुलाबी असतो; जांभळा रंग म्हणजे आत हवा. पांढऱ्या डागाने सांगितले ते खरे ठरले. ती बंद केली.

वडील नळीने कोडे घातले. डाग चकचकीत, उजेडही नारिंगी, पण किरण नाही. उजेड धाकटीपेक्षा किंचित अधिक तांबूस वाटत होता. तेव्हा गाण्याची एक जुनी सीडी तिरपी धरून तिच्यातून नळीचा वर्णपट पाहिला. आणि येथे मला थोडे मागे, १८६८ सालापर्यंत, जावे लागेल. कारण हेलियम हा वायू माणसाला प्रथम भेटला तो असाच, बाटलीत नव्हे तर प्रकाशाच्या रेघेत.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला, मद्रास वेधशाळेचे पॉगसन मछलीपट्टणला आणि लेफ्टनंट जॉन हर्शल आजच्या कर्नाटकातील, तेव्हाच्या जमखंडी संस्थानात वर्णपटदर्शक लावून बसले होते. सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात एक तेजस्वी पिवळी रेघ दिसली. प्रथम सोडियमची म्हणून ती सोडून देण्याचा मोह होता; पण ती सोडियमच्या जागेवर नीट बसत नव्हती. जान्सेनना ग्रहणाच्या वेळीच उमगले की ज्वाला पाहायला ग्रहणाची गरज नाही. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आले आणि २० ऑक्टोबरला त्यांनी घरबसल्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोचली. अकादमीने पुढे दोघांचे मुखवटे असलेले एकच पदक काढले. पृथ्वीवर न सापडलेल्या ह्या मूलद्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हटले गेले. त्याच काळात रोममध्ये येशूसंघीय फादर आंजेलो सेकी हे संत इग्नेशियसच्या चर्चच्या छतावरील वेधशाळेतून ताऱ्यांचे वर्णपट पाहून त्यांचे वर्ग पाडीत होते, हे आपल्या वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

विजयदुर्ग किल्ल्यावर लॉकियर साहेबाच्या नावाने ओळखले जाणारे दगडी ओटे आहेत आणि हेलियमचा शोध तेथे लागला असे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. मीही वर्गात अनेक वर्षे तसेच सांगत असे. ते बरोबर नाही. १८६८ च्या ग्रहणाच्या दिवशी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गला ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, मोठ्या लवाजम्यासह. (त्याच ग्रहणाचे वेध बंगालच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी बिहारमधील डुमराव येथून घेतले.) तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडला होता: १८९५ साली विल्यम रॅम्झे ह्यांनी एका युरेनियमयुक्त खनिजातून तो काढला आणि तीच पिवळी रेघ पाहून ओळखला. कोकणाची मान ह्यामुळे खाली जाते असे मला वाटत नाही. उलट, लॉकियर विजयदुर्गहून परतले त्याच १८९८ साली रॅम्झे आणि ट्रॅव्हर्स ह्यांनी लंडनमध्ये निऑन शोधला. आमच्या नळीतील दोन्ही वायू त्या एका वर्षाच्या दोन बाजूंना असे उभे आहेत.

आता पुन्हा सीडीकडे. हेलियमची ती पिवळी रेघ ५८७.६ नॅनोमीटरवर असते. पण फसगत होण्याची जागा येथेच आहे, कारण निऑनचीही एक ठळक पिवळी रेघ ५८५.२ वर आहे आणि सीडीत दोन्ही एकमेकींत मिसळतात. म्हणून पिवळ्यावर विसंबू नये. हेलियमची हिरवी रेघ ५०१.६ वर आणि निळी-जांभळी ४४७.१ वर शोधावी. धाकटीच्या वर्णपटात हिरवी रेघ स्पष्ट होती. वडील नळीत निऑनच्या तांबड्या-नारिंगी रेघांची दाटी होती आणि हिरव्याच्या जागी जेमतेम धूसरपणा. निऑन होता, वाढपी निघून गेला होता.

तो गेला कोठून? राळेतून आणि चक्क काचेतून. हेलियमचा अणू इतका लहान की काचेच्या जाळीतूनही तो हळूहळू पाझरतो. आत पाऱ्याच्या सुमारे दोन मिलिमीटर इतक्या दाबाचा हेलियम, बाहेरच्या हवेत दहा लाख भागांत जेमतेम पाच भाग. म्हणून तो बाहेरच जातो. पण वाट दोन्हीकडची असते. नळी शुद्ध हेलियमात ठेवली तर बाहेरचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरचा, म्हणजे आतल्याच्या कितीतरी पट, आणि वर्षभरात गेलेला वायू ढोबळमानाने एका दिवसात परत शिरू शकतो. परदेशातील जुन्या नळ्यांचे शौकीन हे करतात, असे वाचले होते.

चर्चच्या सणाला फुगे विकायला येणाऱ्या माणसाकडून नातवाने दोन मोठे चंदेरी फुगे भरून आणले. जाड पिशवीत नळी ठेवली, हवा पिळून काढली, हेलियम सोडला आणि तोंड बांधले. दर चार दिवसांनी पिशवी पुन्हा भरायची आणि नळी मोकळ्या हवेत काढून तपासायची. आठव्या दिवशी हिरवी रेघ जराशी उजळली, किरण नाही. बाराव्या दिवशी तसेच. सोळाव्या दिवशी संध्याकाळच्या मिस्सेनंतर लावली, तेव्हा भिंतीवर एक फिका ठिपका आला, थरथरला आणि मिनिटाभरात गेला. नळी थंड झाल्यावर पुन्हा आला. अति हेलियम झाला तरी किरण मरतो, म्हणून मी तेथेच थांबायला सांगितले. नातवाचे मत आणखी दोन दिवस ठेवावी असे होते. शेवटी त्याने दोन दिवस ठेवली, आणि आता ठिपका टिकतो, धाकटीच्या निम्म्या तेजाने.

मावशींनी पेटी परत नेण्यापूर्वी तिन्ही नळ्यांना दोऱ्याने चिठ्ठ्या बांधल्या. धाकटीच्या चिठ्ठीवर: काचसांधा, १५ सें.मी., चालू, ४ मिलिअँपिअर, लहान ठोकळा. मधलीच्या: २५ सें.मी., हवा शिरलेली, वीज लावू नये. वडील नळीच्या: राळसांधा, हेलियम भरला, मोठा ठोकळा, वर्षाने पुन्हा तपासावी. तिन्हींवर धन टोकाशी तांबड्या शाईने अधिकची खूण केली. मधली नळी शाळेला द्यावी, मुलांना आतली रचना दाखवता येईल, असे मी सुचवले. मावशी म्हणाल्या, "पुढच्या वर्षी देईन, फादर," आणि तीही फडक्यात गुंडाळून घेऊन गेल्या.